भुवडमामांची एन्ट्री

ठाण्याचा साडेतीनचा प्रयोग सुटला
की आमच्याकडे चाळीस मिनिटं असतात
एक घर मोडायला.
आधी पडदे, मग खिडकी, मग जिना,
पाचच पायऱ्यांचा, वर काहीच नाही.
देव्हारा मी एका हाताने उचलतो, थर्माकोलचा आहे.
रात्री पावणेनऊला वाशीत
हेच घर पुन्हा उभं राहायला हवं,
त्याच कोनात, त्याच कुरकुरत्या बिजागरीसकट.

टेम्पोत सगळं मागे जातं.
एकच वस्तू पुढे, माझ्या मांडीवर :
चंदनाच्या खोट्या हारातले आबा.

आबा म्हणजे नाटकातले,
पडदा उघडायच्या आधीच वारलेले.
फोटो कुणाचा लावायचा यावर
तालमीत एक अख्खी दुपार गेली.
दुकानात मिळणारे म्हातारे फार देखणे होते.
वर्दे म्हणाले, आपला भुवड लावा,
त्याचं तोंड घरातल्या माणसासारखं आहे.
तेव्हा मामांना जाऊन तीन महिने झाले होते.

एकतीस वर्षं मामा विंगेत.
काळा शर्ट, अनवाणी, हातात पडद्याची दोरी.
उजेडाची कड कुठे संपते
हे त्यांच्या पायाच्या अंगठ्याला ठाऊक.
मला पहिल्याच दिवशी म्हणाले,
"पाष्टे, प्रेक्षकाला तू दिसलास
म्हणजे तुझी चूक दिसली."
आणि आता शनिवार-रविवार, दोन-दोन वेळा,
त्यांच्याच नाकावर स्पॉट.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली
ड्रायव्हर टेम्पो अगदी हळू करतो,
वर बांधलेला जिना घासेल म्हणून.
मी उगाच फोटो छातीशी धरतो.
मग ऐरोली, रबाळे, घणसोली.
कारखान्यांचे दिवे काचेतून आत येतात,
मामांच्या तोंडावर
कुणीतरी जेल बदलत राहिल्यासारखे.
पिवळा. निळा. पुन्हा पिवळा.

मागच्या रविवारी वाशीला मामी आल्या,
कोपरखैरण्याहून, सुनेला घेऊन,
वर्द्यांनी पाठवलेल्या दोन पासांवर.
एवढ्या वर्षांत त्यांना या थिएटरचं
फक्त मागचं दार माहीत.
डबा द्यायचा, सेट चढवायच्या उतारावर, की परत.
पुढच्या दाराने आल्या
आणि तिकीट फाडणाऱ्याला विचारलं,
"चपला कुठे काढू?"

दुसऱ्या अंकात शर्वाणीताई
फोटोसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात :
"सगळं माझ्या गळ्यात टाकून
बरे भिंतीवर चढून बसलात!"
इथे हशा येतो. मी मोजलाय, सहा सेकंद.
त्या रात्री चौथ्या सेकंदाला
ई रांगेतून आवाज आला,
स्वयंपाकघरातून यावा तसा :
"खाली या म्हणावं.
गॅसचा नंबर अजून त्यांच्याच नावावर आहे."

हशा अर्ध्यात थांबला.
ताईंचं पुढचं वाक्य गेलं.
प्रॉम्प्टरच्या बोटाखाली ते होतं,
पण त्याने दिलं नाही.
मग ताईंनी संहितेत नसलेलं केलं,
पदराने फोटोची काच पुसली.
काच नव्हतीच.
प्रकाशात चमकते म्हणून आम्हीच काढलेली.
पदर थेट कागदावरून फिरला,
कपाळ, नाक, मिशी.

प्रयोगानंतर मामी आत आल्या.
फोटोकडे फारसं बघितलं नाही.
भिंतीच्या मागे गेल्या, जिथे नुसतं प्लाय,
खिळ्यांची टोकं, आणि खडूने लिहिलेलं "डावी २".
मामांच्या जागेवर उभ्या राहिल्या.
"इथून त्यांना काय दिसायचं?"
म्हटलं, नटांच्या पाठी. थोडा उजेड.
"आणि समोरची माणसं?"
ती दिसत नाहीत, मामी. ऐकू येतात.

"म्हणजे गेलं असेल," एवढंच म्हणाल्या.

खाली टेम्पो हॉर्न देत होता.
आम्ही जिना आधी काढला.